मोहोराच्या दिवसांतल्या शिंका: मेडिकलमधून नेमकं काय घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ मुंबई सोडून देवगडच्या बाजूला गावच्या घरी राहायला आले आहेत. डिसेंबरच्या मध्यावर थंडी पडली की पहाटे उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, रात्री आडवं झालं की नाक चोंदतं. मार्च सरला की सगळं आपोआप थांबतं. मेडिकलमधून एकदा 'सर्दीची गोळी' आणली, एकदा नाकात घालायचे थेंब, एकदा सेटिरिझिन. गोळीने झोप येते आणि दिवसभर स्कूटरवर फिरायचं असतं. थेंबांनी झकास वाटतं, पण ते आता दिवसातून चार-चार वेळा लागतात. "यातलं चांगलं कुठलं? आणि आईलाही असंच होतं, तिला बीपी आहे, तिला तीच गोळी चालेल का?"

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. सिंधुदुर्गात किनाऱ्यालगत माझं मेडिकल आहे आणि थंडी सुरू झाली की हा प्रश्न काउंटरवर रोजचाच. तुम्ही 'चांगली गोळी कुठली' असं विचारलंत, पण तुमच्या वर्णनात तीन वेगळ्या तक्रारी आहेत: शिंका आणि गळणारं नाक, चोंदलेलं नाक, आणि डोळे. या तिन्हींना एकच औषध सारखं लागू पडत नाही. जे शिंका थांबवतं ते नाक मोकळं करेलच असं नाही. आपल्याकडची सवय मात्र 'सर्दीवर काहीतरी द्या' अशी, आणि मग जे मिळतं त्यात चार औषधं एका गोळीत कोंबलेली असतात.

त्याआधी एक मुद्दा. हे मोहोराचंच आहे, हे कशावरून?

आंब्याच्या मोहोरावर सगळं ढकलायची आपल्या भागात पद्धतच आहे. वेळ जुळते, वास येतो, मग दुसरं कोण असणार? पण आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या-कीटकांकडून होतं. त्याचे परागकण जड आणि चिकट, वाऱ्यावर लांब जात नाहीत. काजूचंही बरंचसं तसंच. अगदी बागेत राहणाऱ्याला, मोहोराखाली काम करणाऱ्याला त्याचा त्रास होऊ शकतो, होतोही. पण बागेपासून दूर, बाजारपेठेत राहणाऱ्याला आंब्याच्या परागाने इतका त्रास व्हावा हे मला तरी पटत नाही. वाऱ्यावर उडणारे पराग गवताचे, किनाऱ्यावरच्या सुरूचे, काही अंशी माडाचे. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत पावसाळ्याच्या शेवटी फुलतं, म्हणजे त्याचा हंगाम मोहोराच्या आधीचा. माड तर बारा महिने फुलतो.

मग डिसेंबर ते मार्च या काळात आणखी काय काय होतं ते बघा. एक, फवारणी. मोहोरावर तुडतुडे येतात, भुरी येते, म्हणून बागायतदार साधारण पंधरा-पंधरा दिवसांनी कीटकनाशक आणि गंधक किंवा दुसरं बुरशीनाशक मारतात. त्यातली सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं नाकातोंडाला लागली की चेहरा चुणचुणतो, शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं. ही अॅलर्जी नव्हे, ही सरळ सरळ जळजळ आहे, आणि अॅलर्जीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. दोन, धूर. सकाळी अंगणातला पातेरा झाडून पेटवायचा, न्हाणीच्या चुलीत चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) आणि सोडणं (नारळाची सालं) घालायची, पुढे फेब्रुवारीनंतर भाजावळ, म्हणजे भातासाठी जमीन भाजणं. पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा मंद असतो, धूर खालीच रेंगाळतो. तीन, गोधड्या. वर्षभर माळ्यावर किंवा ट्रंकेत पडलेल्या गोधड्या, ब्लँकेटं थंडी पडली की बाहेर निघतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत धुळीतले किडे, म्हणजे डस्ट माइट, त्यांत सुखाने नांदत असतात. चार, भाताच्या पेंढ्याच्या उडव्या. गुरांना पेंढा काढताना जी धूळ आणि बुरशी उडते तिने नाकाचं काय होतं ते गोठ्यात काम करणाऱ्याला विचारा.

तुमच्या बाबतीत 'उठल्या उठल्या' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. घराबाहेर पाऊल टाकण्याआधीच शिंका सुरू होत असतील तर पहिला संशय अंथरुणावर. आंब्याच्या झाडाला दोष देण्याआधी गोधड्या, उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात धुवा, चांगल्या कडक उन्हात वाळवा. नुसतं ऊन दाखवून किडे थोडेफार मरतात, पण त्यांची घाण तशीच राहते आणि अॅलर्जी त्या घाणीची असते. म्हणून धुणं आवश्यक. पाणी साधारण ६० अंशांचं हवं, म्हणजे हात घातला तर चटका बसेल इतकं.

एक आठवडाभर कॅलेंडरच्या चौकोनात लिहून काढा: शिंका कधी, कुठे, त्या दिवशी शेजारच्या बागेत पंप चालू होता का, पातेरा कोणी पेटवला होता का. आणि सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे खाज. नाकात, टाळूला, डोळ्यांच्या कोपऱ्यात खाज असेल तर अॅलर्जीकडे झुकतं माप. खाज नाही, नुसती आग आणि पाणी, तर धूर किंवा बागेतली फवारणी. ताप, अंगदुखी, घसा दुखणं आणि आठवड्याभरात बरं होणं, ही साधी विषाणूची सर्दी. ही विभागणी अगदी काटेकोर नाही, दोन-तीन गोष्टी एकत्रही असतात, पण औषध निवडायला एवढं पुरतं.

आता औषधं. कायद्यात 'बिनचिठ्ठीची औषधं' अशी वेगळी यादी आपल्याकडे नाही. शेड्यूल एचसारख्या याद्यांत जे नाही ते चिठ्ठीविना, असा उलटा हिशेब आहे. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात आरएक्स अशी खूण दिसली की ते औषध चिठ्ठीचं समजा. पुढे ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यातल्या काहींवर ती असते, विशेषतः नाकाच्या स्टिरॉइड फवाऱ्यावर. म्हणून माझा सल्ला असा असतो की हंगामाच्या सुरुवातीला एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, त्या चिठ्ठीवर हंगाम निघतो. ऐन त्रासात काउंटरवर येऊन जे मिळेल ते घेण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं.

शिंका, खाज आणि पाणी गळणं यांवर अॅलर्जीची गोळी, म्हणजे अँटिहिस्टामिन, चांगलं काम करते. त्यांत जुनी आणि नवी अशा दोन पिढ्या आहेत. जुन्यांत क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन. ही मेंदूत शिरतात, म्हणून झोप येते, तोंड कोरडं पडतं, म्हाताऱ्या माणसाला लघवी तुंबते, कधी कधी डोकं भ्रमल्यासारखं होतं. आमच्याकडे एक पाडेली यायचा, माडावर चढणारा माणूस. म्हणायचा, "माका तीच गोळी व्हयी, ती घेतलंय काय झोप बरी लागता." झोप बरी लागते हे खरंच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी माडाच्या शेंड्यावर असताना गुंगी उतरली नसेल तर? जुन्या गोळीचा अंमल रात्रीपुरता राहत नाही, दुसऱ्या दिवशीही माणूस मंद असतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. घाटात ट्रक चालवणारा, होडीवर जाणारा खलाशी, झेला घेऊन आंब्यावर चढणारा गडी, यांना मी ती गोळी देत नाही. तुम्ही स्कूटरवर असता, तेव्हा तुम्हालाही नाही.

नव्यांत सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन वगैरे. सगळ्या सारख्याच असतात असं समजू नका. सेटिरिझिन आणि तिची धाकटी बहीण लिव्होसेटिरिझिन नव्या पिढीतल्या असल्या तरी काही लोकांना त्यांनी झोप येतेच. तुम्ही त्यांतले दिसता. अशांनी ती रात्री घेऊन बघावी. तरीही सकाळी डोकं जड वाटत असेल तर फेक्सोफेनाडिनकडे वळावं. झोप न आणण्यात ती सगळ्यांत पुढे, आणि रोज गाडी चालवणाऱ्याला मी तीच सुचवतो. मोठ्या माणसाला सहसा १२० मिलिग्रॅमची दिवसातून एक. पण तिची एक खोड आहे: ती साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. संत्र्याचा, सफरचंदाचा रस घेतला तर ती पोटातून रक्तात नीट शोषली जात नाही, आणि अॅसिडिटीची अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली पातळ औषधंसुद्धा तिला अडवतात, तेव्हा त्यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिनचं वेगळं: ती रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी.

गोळी कधी घ्यायची, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि त्यावर बरंच अवलंबून असतं. शिंका सुरू झाल्यावर घेतली तर ती चालते, पण अंगात आधीच बाहेर पडलेलं हिस्टामिन, म्हणजे शिंका आणि खाज आणणारं द्रव्य, काही परत जात नाही. त्रास आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस होत असेल तर लागेल तेव्हा घ्या. आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस आणि महिनाभराहून अधिक असेल, तर डॉक्टर त्याला सतत चालणारा त्रास मानतात, आणि मग लागेल तेव्हाची गोळी पुरत नाही. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे झुकतं. अशा वेळी रोज, ठरलेल्या वेळेला, हंगामभर घ्यावी. आणि आज असर कमी वाटला म्हणून दोन गोळ्या किंवा दोन वेगवेगळ्या अँटिहिस्टामिन एकत्र, हे करू नका. शिंका तेवढ्याच राहतात, झोप मात्र दुप्पट होते.

आता त्या 'सर्दीच्या गोळी'बद्दल. पुढच्या वेळी ती पट्टी उलटी करून मागचं बारीक छापलेलं वाचा. बहुतेकदा तीन नावं सापडतील: पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन, फिनाइलएफ्रिन. कधी कॅफिनही असतं. ताप नाही, डोकं दुखत नाही, तर पॅरासिटामॉल कशाला? आणि घरात तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल चालू असेल तर दोन्ही मिळून डोस वाढतो, यकृताला ते परवडत नाही. क्लोरफेनिरामिन म्हणजे वर सांगितलेली झोपेची जुनी गोळी. आणि नाक मोकळं करायला म्हणून घातलेलं फिनाइलएफ्रिन तोंडावाटे घेतलं तर जवळजवळ निकामी आहे. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने हेच सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने चिठ्ठीविना विकायच्या औषधांतून ते काढण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्या औषध नियंत्रकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा पाकिटावर छापायला सांगितलं. शेजाऱ्याच्या नातवाला सर्दीच्या औषधाची बाटली उसनी देताना एवढं लक्षात ठेवा. थोडक्यात, ती गोळी साध्या सर्दीतसुद्धा मला फारशी आवडत नाही, आणि अॅलर्जीत तर ती चुकीचीच खरेदी.

अजून एक जोडी सर्रास लिहिली आणि विकली जाते: लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट. मॉन्टेलुकास्ट दम्याच्या रुग्णाला उपयोगी पडतं, पण नुसत्या नाकाच्या अॅलर्जीत ते पहिल्या पसंतीचं नाही. काहींना त्याने वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासपणा, क्वचित त्याहून गंभीर मानसिक त्रास होतो. मार्च २०२० मध्ये एफडीएने त्यावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा लावला तो यामुळेच. डॉक्टरांनी विचार करून दिलं असेल तर घ्या. शेजाऱ्याला लागू पडलं म्हणून आणू नका.

थेंबांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन ही त्यांतली औषधं. नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या ती आकुंचित करतात, मिनिटांत नाक मोकळं. म्हणून तर लोक त्यांच्या प्रेमात पडतात. पण तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरली की थेंबांचा असर उतरताच त्या रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. मग परत थेंब, परत फुगणं. माझ्या काउंटरवर असे लोक येतात ज्यांच्या शर्टाच्या खिशात बाटली असते, बोलता बोलता मान मागे टाकून दोन थेंब सोडतात, आणि तरीही 'माझी सर्दी जाता जात नाही' म्हणतात. मूळची सर्दी कधीच गेलेली असते, उरलेली सर्दी त्या थेंबांचीच. तुमचे दिवसाला चार वेळा झाले आहेत, म्हणजे तुम्ही त्याच वाटेवर आहात.

यातून बाहेर पडायचं तर एकदम दोन्ही नाकपुड्या बंद ठेवून रात्र काढणं कठीण जातं, माणूस तिसऱ्या रात्री हरतो. आधी एका नाकपुडीत थेंब बंद करा, दुसरीत चालू ठेवा. त्याच वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइडचा फवारा दोन्हीकडे सुरू करा. आठ-दहा दिवसांत पहिली बाजू सुधारते, मग दुसरीकडचे थेंब थांबवा. मधले काही दिवस चोंदलेले जातील, त्याला इलाज नाही.

तो स्टिरॉइडचा फवारा म्हणजे फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड यांपैकी काही. महिनोन्महिने चालणाऱ्या अॅलर्जीवर, आणि त्यातही चोंदलेल्या नाकावर, यापेक्षा परिणामकारक औषध मेडिकलात नाही. गोळ्यांपेक्षाही. पण 'स्टिरॉइड' म्हटलं की लोक बाटली परत सरकवतात. भीती कुठून येते ते कळतं. आपल्याकडे बेटामेथासोन या स्टिरॉइडची बारीक गोळी दम्याला, खाजेला, सांधेदुखीला सर्रास खाल्ली जाते, तिने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. अॅलर्जीवर ती गोळी किंवा स्टिरॉइडचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नका. नाकातल्या फवाऱ्यात मात्र औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि बहुतेक जागच्या जागी काम करतं, रक्तात अगदी थोडं पोचतं. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, एवढंच.

लोकांचा या फवाऱ्यावर विश्वास बसत नाही याची दोन कारणं मला दिसतात. एक, तो थेंबांसारखा मिनिटांत लागू पडत नाही. थोडा फरक दिवसा-दोन दिवसांत जाणवतो, पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून ठेवून देणारे पुष्कळ. खरं तर दरवर्षी तुमचा त्रास डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो हे माहीत आहे, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फवारा सुरू करायला हवा. पाऊस लांबला, थंडी उशिरा आली की मोहोरही पुढे जातो, तेव्हा तारखेपेक्षा झाडांकडे आणि थंडीकडे बघून ठरवा.

दुसरं कारण मारायची पद्धत. मी नव्या गिऱ्हाइकाला काउंटरवरच करून दाखवायला सांगतो, आणि जवळजवळ सगळे मान मागे टाकतात आणि बाटली सरळ नाकाच्या मधल्या पडद्याकडे धरतात. मग औषध घशात उतरतं, कडू लागतं, पडद्याला सारखा मार बसून रक्त येतं. असं करा: आधी नाक शिंकरून साफ करा. बाटली हलवा. नवी असेल तर हवेत चार-सहा वेळा दाबून धुकं नीट यायला लागेपर्यंत थांबा. मान किंचित पुढे झुकवा, पायाच्या बोटांकडे बघितल्यासारखी. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजवीत, म्हणजे बाटलीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. दाबताना हळू श्वास घ्या, जोरात हुंगू नका. तपकीर ओढल्यासारखं ओढलंत तर औषध सरळ घशात. थोडं रक्त आलं तर एक-दोन दिवस थांबा, परत येत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

गोळी आणि फवारा दोन्ही एकत्र घ्यावं का? आधी फवारा नियमित दोन आठवडे, आणि तरी शिंका, खाज उरली तर गोळी जोडावी, असा माझा क्रम. अॅझेलास्टिन नावाचा अँटिहिस्टामिन फवाराही मिळतो, तो लवकर काम करतो पण चव भयंकर कडू, काही जण त्यापायीच सोडतात.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा स्वस्त आणि खरोखर उपयोगी उपाय. फवारा मारायच्या आधी केलं तर औषध थेट अस्तरावर पोचतं. पेलाभर, म्हणजे सुमारे अडीचशे मिलिलीटर पाण्यात सपाट अर्धा चमचा साधं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. जळजळलं तर मीठ कमी-जास्त झालंय. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं, पाझराचं, नळाचं पाणी तसंच नाकात घेऊ नका. पिण्याच्या पाण्यातले बरेच जंतू पोटात मरतात, नाकातून मात्र एक अमीबा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये त्या अमीबाच्या रोगाचे रुग्ण सापडले. रोग फार दुर्मीळ, पण झाला तर बहुतेकदा जीवघेणा. पाणी उकळायला काही मिनिटंच लागतात, तेवढ्यासाठी धोका का घ्यायचा?

वाफ आणि मेंथॉलच्या कांड्या बरं वाटण्यापुरत्या. मेंथॉलने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात ते होत नाही. वाफेच्या भांड्याने भाजलेली पोरं मात्र मी पाहिली आहेत.

डोळ्यांसाठी वेगळे थेंब लागतात: ओलोपाटाडिन किंवा केटोटिफेन. फवाऱ्याने डोळ्यांनाही थोडा आराम पडतो, तेव्हा आधी तो बघा. गार पाण्याची पट्टी ठेवा, चोळू नका. डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असलेले डोळ्यांचे थेंब, आणि ते बऱ्याचदा अँटिबायोटिकबरोबर एकाच बाटलीत असतात, स्वतःच्या मनाने घालू नका. लाली झटकन जाते म्हणून लोक तीच बाटली दर वर्षी मागतात, आणि डोळ्यातला दाब कधी वाढला ते कळतही नाही.

बाकी दोन-तीन साध्या गोष्टी. फवारणीच्या दिवशी शेजारच्या बागायतदाराला विचारून ठेवा आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या दिशेच्या खिडक्या लावून घ्या. कपडे मोहोरलेल्या कलमाखालच्या दोरीवर वाळत घालू नका. साधा मास्क धुळीला आणि परागांना अडवतो, बागेतल्या फवारणीच्या वाफेला नाही. पातेरा पेटवण्यापेक्षा माडाच्या आळ्यात टाका, मुळाशी ओल टिकते.

कधी मेडिकल सोडून सरळ डॉक्टर? श्वास घेताना शिट्टी वाजते, रात्री खोकल्याने जाग येते, जिना चढताना दम लागतो, तर नाकाबरोबर दमाही असू शकतो, त्याला गोळ्या पुरायच्या नाहीत. त्रास सतत एकाच नाकपुडीत, त्यातून रक्त किंवा घाण वास, कपाळ-गालफडं दुखणं आणि ताप, वास अजिबात न येणं, यांतलं काही असेल तरी तेच. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, किडनीचा रुग्ण, यांना काउंटरवरून मी काही देत नाही. दोन-तीन आठवडे सगळं नीट करूनही फरक नसेल तर त्वचेवरची अॅलर्जी चाचणी करून घ्यावी, म्हणजे पराग की धुळीतले किडे हा वाद मिटतो. त्या चाचणीआधी साधारण आठवडाभर अँटिहिस्टामिन बंद ठेवावं लागतं, नाहीतर चाचणी खोटं सांगते. हे कोणी आधी सांगत नाही आणि लोक मुंबई-कोल्हापूरपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परत येतात.

तुमच्या आईबद्दल. 'तीच गोळी' म्हणजे ती सर्दीची गोळी असेल तर नाही. फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करत नाही, पण बीपीच्या माणसाला ते नकोच, आणि क्लोरफेनिरामिन त्या वयात भ्रम आणि पडणं दोन्ही आणतं. रात्री बाथरूमला उठताना झोपेच्या धुंदीत पडून खुबा मोडलेल्या आज्या आमच्या गावात आहेत. थेंबही तिला सवयीने देऊ नका, थोडं औषध रक्तात जातं. लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन बीपी असलेल्यांना सहसा चालतं. सेटिरिझिन द्यायचीच असेल तर किडनी ठीक आहे ना ते आधी बघा, कारण किडनी मंद असेल तर डोस निम्मा करावा लागतो. नाकाचा फवारा बीपीमुळे अडत नाही. पण तिचा काचबिंदू तपासलेला आहे का, रोजच्या आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे मला इथून दिसत नाही. तिच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून जवळच्या मेडिकलमध्ये किंवा डॉक्टरांकडे घेऊन जा. गोळीचं नाव सांगताना चूक होते, 'ती पांढरी, मध्ये रेघ असलेली' अशा वर्णनाच्या गोळ्या माझ्या दुकानात शेकड्यांनी आहेत.

आणि फवारा आणलात तर बाटलीवर पेनाने उघडल्याची तारीख लिहा. १२० फवाऱ्यांची बाटली रोज दोन्हीकडे दोन-दोन मारले तर महिनाभर पुरते. त्यानंतरही आत थोडं पाणी हलताना दिसतं, पण त्यातून औषधाचा पूर्ण डोस येईलच याची खात्री नसते. पुढच्या वर्षीच्या थंडीत ती जुनी बाटली परत काढू नका, नवीच घ्या.